पाकट माझ्या टोकाला आली तेव्हा

मी एक जुनी गळाची काठी आहे, मित्रांनो. माझे दोन तुकडे जोडले की मी दोन माणसांइतकी उंच होते. काचेचे धागे राळेत भिजवून, भट्टीत भाजून मला घडवलं. अंगावर दोरी ओवायला कड्या बसवल्या, बुडाशी रीळ आलं, आणि मला वाटलं, झाले बुवा मी पूर्ण!

पण मग माझ्या मालकीणबाईंनी, आत्यांनी, मला पहिल्यांदा लाटांसमोर धरून गळ फेकला. दोरीला बांधलेलं शिशाचं वजन लाटांपलीकडे बुडालं, दोरी ताठ झाली, आणि तिच्यातून अख्खा समुद्र माझ्या अंगात शिरला. वाळूची घसरण, प्रवाहाची ओढ, एखाद्या खेकड्याची चोरटी चिमटी, सगळं मला कळू लागलं. एवढं मोठं काही जगात आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

आत्या बंदरात क्रेन चालवायच्या. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी किनाऱ्यावर. "हिचं टोक कधी खोटं बोलत नाही," असं त्या शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायच्या. पुढे त्यांचा खांदा कायमचा दुखावला आणि मी गॅलरीत आडवी झाले. माझ्यावर टॉवेल वाळू लागले. एके काळी समुद्र झेललेली मी, आता ओले मोजे झेलत होते.

एक दिवस आत्यांची भाची आली. ती वस्तीतल्या मुलामुलींचा गट चालवते, म्हणून सगळे तिला ताई म्हणतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं सहलीचा बेत मांडला. सकाळी लाटांमध्ये उभं राहून गळ टाकायचे, दुपारी जेटीवरून.

"आधी आपण दोघी ओहोटीला जाऊन येऊ," आत्या म्हणाल्या. "पाणी उतरलं की वाळूतले खड्डे दिसतात. भरतीत सगळं साळसूद दिसतं. आणि त्या दिवशी समुद्र खवळला तर?"

"तर मुलं गाल फुगवतील, पण पाण्यात उतरणार नाहीत. मला काळजी काठीची आहे, आत्या. एक कमी पडतेय."

दोघींनी गॅलरीकडे पाहिलं.

"अगं, मग माझे टॉवेल?" आत्या म्हणाल्या, पण त्या उठल्यासुद्धा होत्या.

सहलीच्या सकाळी समुद्र खरंच खवळला होता. लाटा घरांएवढ्या उठत होत्या आणि फुटताना पायाखालची वाळू हादरत होती. ताईनं मुलांना दूर कोरड्या वाळूवरच थांबवलं.

"किती दिवस वाट बघितली, ताई! गुडघाभर पाण्यात तरी जाऊ दे," गटातली एक मुलगी म्हणाली. ती सगळ्याच गोष्टींवर वाद घालायची, म्हणून तिला सगळे 'वकील' म्हणत.

"वाद घालायचाय? त्या लाटेशी घाल," ताई म्हणाली. नेमकी तेव्हाच एक लाट अशी कोसळली, की वकिलीणबाई स्वतःच दोन पावलं मागे सरकल्या. मग सारी मुलं नुसती बघत बसली. मीही.

दुपारी खाडीच्या आत, शांत पाण्यातल्या जेटीवर मी वकिलाच्या हाती आले. आत्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग एकाएकी मी कमानीसारखी वाकले. रीळ किंचाळलं. माझे धागे कुरकुरू लागले. आयुष्यात एवढी ओढ मी सोसली नव्हती. आज तुटणार, असंच वाटलं.

"ओढू नकोस! मासळीला पळू दे," आत्या ओरडल्या. "दमली की येईल."

खूप वेळानं ती वर आली. पाकट! दाराच्या फळीएवढं चपटं, करडं अंग, आणि दोन्ही कडांना हळूहळू हलणारे पंख. ती पोहत नव्हती, पाण्यात उडत होती. तिचा प्रत्येक श्वास मला दोरीतून जाणवत होता.

"वर घे! फोटो काढू!" मागून मुलं ओरडली.

"एवढ्या उंच ओढली तर स्वतःच्याच वजनानं फाटेल ती," ताई म्हणाली. "पण काठी तुझ्या हातात आहे. तू सांग."

वकील जेटीच्या कडेवरून खाली वाकली. "ती आपल्याकडे बघतेय, ताई," ती कुजबुजली. "कशी सोडायची, आत्या, सांगा."

"दोरी एकदम सैल कर," आत्या म्हणाल्या. "गळाचा उलटा काटा मी पक्कडीनं दाबून टाकलाय. आपोआप निसटेल."

तिनं दोरी सैल केली. पाकटीनं पंख एकदा फडकवले आणि ती खालच्या काळोखात उतरत गेली. गळ रिकामा वर आला. आत्यांनी दुखरा हात उचलून माझ्यावरून फिरवला.

मित्रांनो, समुद्रावरून आलात की आम्हा काठ्यांना गोड्या पाण्यानं धुवा. मीठ आम्हाला आतून खातं. घरात एखादी जुनी वस्तू आडवी पडली असेल, तर तिला एकदा तिच्या कामाच्या जागी घेऊन जा. आणि कधी तुमच्याहून खूप मोठं काही तुमच्या हाती लागलं, तर आधी डोळे भरून बघा. मग हळूच सोडून द्या.