न्यायाधीश वॉसबर्ग यांचे दोन तारे

आर्डिथ कोल्टरमन दर मंगळवारी सकाळची प्रार्थना आटोपून कोर्टात जाई आणि शेवटच्या बाकावर बसे. न्यायाधीशांवर नजर ठेवायला गावातल्या निवृत्त मंडळींनी एक मंडळ काढलं होतं. प्रत्येक फौजदारी निकालाला एक फॉर्म. शिक्षा सौम्य, योग्य की कठोर, ते भरायचं आणि खाली एक ते पाच तारे द्यायचे. सगळं मंडळाच्या वेबसाइटवर चढे, आणि नोव्हेंबरात न्यायाधीशांना पदावर ठेवायचं की काढायचं यावर मत देण्याआधी अख्खी काउंटी ते वाचे.

वॉसबर्गना दोन तारे होते. तीन वर्षांत आर्डिथने त्यांच्या नावापुढे ‘सौम्य’ सोडून दुसरीकडे खूण केली नव्हती. त्यात राग नव्हता. तिला ते सौम्यच वाटत.

ऑक्टोबरात तिचा धाकटा भाऊ ड्वेन तिसऱ्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडला. गाडी एकाच्या कुंपणातून आत गेली होती. देवाच्या कृपेने कुणाला लागलं नाही. आदल्याच आठवड्यात वॉसबर्गनी अशाच एकाला नव्वद दिवसांची कैद दिली होती. ड्वेनच्या वकिलाने तेवढेच मागितले. मंडळातलं दुसरं कुणी मोकळं नसल्यामुळे त्या मंगळवारीही आर्डिथच फॉर्म घेऊन बसली. बहीणभावांची आडनावं वेगळी, तेव्हा वॉसबर्गना नातं ठाऊक नसावं.

त्यांनी चष्मा पुसला, शेवटच्या बाकाकडे एकदा पाहिलं आणि दोन वर्षं दिली.

आर्डिथने ‘कठोर’वर खूण केली, एक तारा दिला आणि खाली लिहिलं, नव्वद दिवस पुरे होते. मंडळाचा प्रमुख मर्ल म्हणाला की सख्ख्या भावाच्या खटल्यावर शेरा बरा दिसत नाही, पण निवडणुकीच्या तोंडावर कोरा फॉर्म त्याहून वाईट दिसेल. त्याने तिचं नाव गाळून तो चढवला.

रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला दुसरा विषय नव्हता. हे मंडळसुद्धा ज्याला कठोर म्हणतं, त्याचा कणा अखेर ताठ झाला असणार, असं लोकांचं मत पडलं. नोव्हेंबरात शंभरातल्या सत्तर जणांनी वॉसबर्गना ठेवलं.

डिसेंबरात ती तुरुंगात भेटायला गेली. काचेपलीकडे ड्वेनने फोन उचलला.

“मत दिलंस?”

“दिलं. ठेवा म्हटलं.”

“वा. त्याने मला आत टाकलं, आणि तू त्याला खुर्चीत बसवलंस.”

“वसंतात तुझा लवकर सुटण्याचा अर्ज कोर्टापुढे येणार,” आर्डिथ हळू आवाजात म्हणाली. “निवडणूक संपली, आणि हा माणूस मुळात सौम्य आहे रे. नवा जो आला असता, तो माझे ‘सौम्य’वर खूण केलेले सगळे फॉर्म वाचून आला असता.”

ड्वेनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“किती आहेत गं?”

“एकशे एकेचाळीस.”