तिन्ही नळ्या पांढऱ्या

अकरावीचा विज्ञानाचा वर्ग आपल्याकडे आला, तेव्हाच आदगोंडा मास्तरांना वाटलं होतं की वरच्या लोकांची काहीतरी गफलत झाली आहे. बी.एस्सी. होऊन सव्वीस वर्षं लोटली होती. त्यात शहात्तर सालच्या डिसेंबरात सांगलीहून तपासनीस साहेब येणार असं कळलं. वारणाकाठच्या त्या गावात वर्ग नवा. साहेबांनी बरा शेरा दिला नाही, तर जूनपासून बंद. मुलगे सायकली मारत इस्लामपूरला गेले असते. वर्गातल्या दोघी मुली, शालन आणि गुणमाला, मात्र घरी बसल्या असत्या.

मास्तरांनी लाळेचा प्रयोग निवडला. भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की ती निळी होते. लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, पेजेतल्या स्टार्चची साखर करतं, मग निळा रंग येत नाही. पण हे विकर मोठं नाजूक. अंगाच्या उबेत झटून काम करतं, बर्फात आळसावतं आणि उकळलं की कायमचं संपतं. म्हणजे कोमट नळी पांढरी राहणार, बर्फातली आणि उकळलेली निळ्या होणार. दोन दिवस आधी मास्तरांनी दार लावून, स्वतःची लाळ घेऊन हे करून पाहिलं होतं. तंतोतंत जमलं होतं.

त्या दिवशी साहेब मागच्या बाकावर टेकले. मास्तरांनी नळी पुढं केली, तर कुणी थुंकेचना.

"सर, तुमच्याम्होरं कसं थुकायचं?" मानसिंग म्हणाला. "तोंडच सुकलंय."

मुलींनी तर माना खाली घातल्या. मास्तरांनी हे आधीच ओळखलं होतं. त्यांनी पिशवीतून आवळे काढून वाटले. "खा. तोंडाला पाणी सुटेल." आपली ही युक्ती त्यांना फार आवडली होती. स्वतः मात्र खाल्ला नाही. त्यांचे दात आंबत.

लाळ भराभर जमली. एका नळीतली उकळली, एक एसटीच्या ड्रायव्हरनं भुशात गुंडाळून आणलेल्या बर्फात ठेवली, एक कोमट पाण्यात. मग तिन्हींत पेज घातली, पंधरा मिनिटं थांबले, आणि आयोडीन टाकलं.

थेंब पडला, क्षणभर रंगाची रेघ उमटली आणि विरली. तिन्ही नळ्यांत.

मास्तर बघतच राहिले. कोमट नळीचं ठीक होतं. बर्फातलीही एखादे वेळी. पण उकळलेली?

"उकळल्यावरही विकर काम करतं म्हणायचं का, मास्तर?" साहेबांनी मागून विचारलं.

"सर, लय उकळलं नसंल म्हणावं," मानसिंग कुजबुजला.

तसं म्हणता आलं असतं. पण ते खळखळ उकळलेलं साऱ्या वर्गानं पाहिलं होतं. मास्तरांनी उकळलेली नळी खाली ठेवली. "साहेब," ते म्हणाले, "मला समजत नाही."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"सर, पेजंतच खोट असंल," गुणमाला हळूच म्हणाली.

नुसत्या पेजेत थेंब टाकला. गर्द निळी झाली. मग नुसत्या लाळेत टाकला, पेजेशिवाय. आयोडीनचा तांबूस रंगच उडाला! आता तर काहीच कळेना. लाळ आयोडीनच खाते? मग परवा घरी कसं जमलं?

मास्तर भिंतीकडे वळले. पदर नव्हता, म्हणून उपरण्याचं टोक तोंडापुढं धरलं आणि नळीत थुंकले. कुणी हसलं नाही. थेंब टाकला. तांबूस रंग तसाच राहिला.

"तुमची न्हाई खात, आमचीच खातीया," मानसिंग म्हणाला. "आमी काय राक्षस हाय का?"

आता हसू फुटलं. शालन मात्र उभी राहिली होती. "आवं सर, तुमी आवळा कुठं खाल्ला?"

मास्तरांनी आवळा ठेचला, त्याचा रस आयोडीनच्या पाण्यात टाकला. रंग क्षणात गेला. म्हणजे विकराचा इथं दोषच नव्हता. रंग आवळ्यानं खाल्ला होता. आणि आवळे कुणी वाटले? चूळ भरायला सांगायचं कुणाला सुचलं नाही?

पुन्हा सगळं मांडायला हवं होतं, पण घंटा झाली. साहेबांना एसटी गाठायची होती. शेरेवहीत घाईनं काही लिहून ते निघून गेले.

संध्याकाळी मास्तरांनी शेरेवही उघडली. दोनच ओळी होत्या. "प्रयोग फसला. वर्ग चालू ठेवावा."

त्यांनी चष्मा पुसून त्या पुन्हा वाचल्या. पहिली ओळ त्यांना नीट पटली. दुसरी तिच्याखाली कशी आली, हे काही केल्या कळेना. मग चुकून एखादा 'न' राहून गेला असेल की काय, म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला घेतली.