तीन लाकडं कमी

"असा सांधा करणारा माणूस आता जन्माला यायचा नाही," तपासनीस बाई शिडीच्या सातव्या पायरीवरून म्हणाल्या.

त्यांनी तिरक्या टेकूवर हात ठेवला आणि तो जिथे खांबात शिरला होता तिथपर्यंत बोटं नेली. फटीत नखही शिरेना. खाली टॉर्च धरून उभ्या असलेल्या मिस्त्रींचा हात हलला, आणि उजेड टेकूवरून घसरून छपरात गेला.

"टॉर्च, मिस्त्री," शेजारून ताई म्हणाल्या.

ताईंनी सकाळीच बजावलं होतं. "तुम्ही फक्त उजेड दाखवायचा. बोलायचं काम माझं." चौतीस वर्षं शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि अजूनही त्या बोलायला लागल्या की समोरचा माणूस नकळत ताठ उभा राहायचा. शेत त्यांच्या भावाच्या नावावर होतं. भावाने ते शीतगृह बांधणाऱ्या कंपनीला विकायचं ठरवलं होतं. शेताच्या कडेला हे धान्याचं कोठार उभं होतं, कमरेइतकी दगडी भिंत आणि वर सगळं लाकूड, पावणेदोनशे वर्षांचं. ते वारसा इमारतींच्या यादीत गेलं तर कुणालाही पाडता येणार नव्हतं. नाही गेलं तर पेरणीच्या आधी तिथे सपाट जमीन दिसणार होती. ताईंनी तीन वर्षं अर्ज केले होते. आज पहिल्यांदा कुणी पाहायला आलं होतं.

तपासनीस बाई तिशीच्या होत्या. केसांत जळमटं अडकली होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. "खरं सांगू, ताई? गेल्या महिन्यात अकरा कोठारं पाहिली. नऊ ठिकाणी लोखंडी पट्ट्या ठोकून ठेवल्यात. इथे एक खिळा नाही. निदान निम्मं लाकूड मूळचं असावं लागतं, पण इथे तो प्रश्नच नाही. सगळंच मूळचं दिसतंय. काय हात असतील त्या लोकांचे!"

मिस्त्री चौसष्ट वर्षांचे होते. त्यातली छत्तीस वर्षं ते या कोठाराची डागडुजी करत आले होते. चांगल्या दुरुस्तीचं दुर्दैव असं की ती दिसत नाही. दार घासायला लागलं की लोक सुताराचं नाव काढतात. घासलं नाही तर सुतार होता हेही कुणाच्या ध्यानात राहत नाही. छत्तीस वर्षांत या छपराखाली मान वर करून कुणी "वा" म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"तो सांधा माझा आहे," मिस्त्री म्हणाले.

ताईंनी झटकन त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमचा म्हणजे?" तपासनीस बाईंनी वरून विचारलं.

"मी केलाय. टेकू कुजला होता, नवा घातला. थांबा, दाखवतो."

त्यांनी टॉर्च ताईंच्या हातात दिला. तपासनीस बाईंना खाली उतरवून ते स्वतः शिडी चढले, लाकडी हातोडीने खुंटी ठोकून काढली आणि टेकू चार बोटं बाहेर सरकवला. खाचेत लपलेल्या टोकावर पटाशीने कोरलेलं साल होतं, आणि त्याखाली एक तिरकी रेघ. ती रेघ म्हणजे मिस्त्रींची सही. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या उस्तादांची ही शिस्त होती. नवं लाकूड घातलं की त्याच्या लपलेल्या टोकावर साल कोरायचं. लपवायचं नाही, मिरवायचं नाही.

"बाप रे!" तपासनीस बाई म्हणाल्या. त्या मनापासून खूश झाल्या होत्या. "आणखी कुठे आहेत असे?"

मग मिस्त्री थांबले नाहीत. हा खांब खालून हातभर बदललाय, जोड शोधून दाखवा. हा वासा. हे तिन्ही वासे. छप्पर पेलणारी ही कैची अख्खी नवी, फक्त लाकूड जुनं दिसावं म्हणून दोन पावसाळे बाहेर ठेवलं होतं. ते लग्नातल्या वरबापासारखे या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडत होते, आणि तपासनीस बाई मागोमाग नकाशावर फुल्या करत होत्या.

"मिस्त्री," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "पुरे."

तेव्हा मिस्त्रींचं त्या नकाशाकडे लक्ष गेलं.

तपासनीस बाईंनी फुल्या दोनदा मोजल्या. मुख्य लाकडं अठ्ठ्याऐंशी. त्यातली सत्तेचाळीस मिस्त्रींची. मूळची उरली एक्केचाळीस, आणि हवी होती चव्वेचाळीस.

"तीनच कमी आहेत," ताई म्हणाल्या. आवाज शाळेतलाच होता, पण जरा खाली आलेला. "काही करता येणार नाही?"

"तुम्ही बोलला नसतात ना काका, तर मी सगळी जुनी लिहून मोकळी झाले असते. आणि ते खोटंही ठरलं नसतं. मला दिसलं तेच लिहिलं असतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आता मला माहीत आहे."

ताईंनी अर्जांची पिशवी गुंडाळली, काखेत धरली, आणि तपासनीस बाईंना गाडीपर्यंत सोडायला गेल्या. मिस्त्री शिडी चढले. टेकू परत बसवला, खुंटी ठोकली. फट दिसेनाशी झाली.

संध्याकाळी बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता सगळं ऐकून घेतलं.

"खोटं बोलायला हवं होतं का मी?" मिस्त्री म्हणाले. "उस्ताद म्हणायचे, नवं लाकूड लपवायचं नाही."

"पुढचं म्हणा की. लग्न झाल्यापासून ऐकतेय, मला पाठ आहे."

"मिरवायचं नाही."

"मग? तुम्हाला कुणी विचारलं होतं का? विचारलं असतं आणि खरं सांगितलं असतं, तर मी तुमचे पाय धुतले असते." तिने शर्टाची बाही ताणली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही ती उघडलीत, आणि वर बोटं मोजून दिलीत."

"तिने किती छान म्हटलं गं. असा सांधा करणारा माणूस..."

"मला नव्हतं का म्हणता येत? तुम्ही कधी नेलंत मला तिथे, शिडीवर चढवून?"

मिस्त्रींनी घड्या घातलेले कपडे उचलून कपाटात ठेवले.

झोप येईपर्यंत ते वाशांचा हिशेब करत राहिले. सत्तेचाळीसपैकी चव्वेचाळीस बदलणं भागच होतं, ती कुजली होती. पण उत्तरेकडचे ते तीन वासे? त्यांना वरवर कीड लागली होती. ठिगळ लावून आणखी पन्नास वर्षं निघाली असती. त्या वर्षी पावसात हाताला दुसरं काम नव्हतं, चांगलं लाकूड मिळालं होतं आणि हात शिवशिवत होते. अंगात मस्ती होती, दुसरं काय. ठिगळ दिसलं असतं, म्हणून अख्खे वासे बदलले. ते ठिगळ तसंच दिसत राहिलं असतं, तर कोठार वाचलं असतं.

नकाराचं पत्र पाच आठवड्यांनी आलं. दुसऱ्या दिवशी ताई मिस्त्रींच्या दारात उभ्या राहिल्या. मिस्त्रींना वाटलं, आता बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भावाने आठ दिवस दिलेत," त्या म्हणाल्या. "यंत्राने मोडण्यापेक्षा सोडवून घेऊ. लाकूड घ्यायला माणूस तयार आहे. तुमच्याशिवाय ते कुणाला सुटायचं नाही."

"ताई, त्या दिवशी मी..."

"दोन माणसं लागतील का चार?"

"चार," मिस्त्री म्हणाले.

पिवळं यंत्र दुसऱ्याच दिवशी येऊन उभं राहिलं. त्याचा चालक सावलीत डबा उघडून बसायचा आणि बघायचा.

"काका, मी जेवायच्या आधी उरकलं असतं."

"तू उरकलं असतंस. मी सोडवतोय."

"पाडायचंच आहे, मग एवढं अंजारून गोंजारून कशाला?"

"दाढ काढताना डॉक्टर सुई का देतो? काढायचीच असते ना?"

चालक हसला. तिसऱ्या दिवसापासून तो सांगितलं नाही तरी दोर धरायला उठू लागला.

खुंट्या निघत होत्या, लाकडं एकेक करून गवतावर येत होती, आणि नव्या लाकडांच्या टोकांवर मिस्त्रींची सालं उजेडात येत होती. मुलीच्या जन्माचं साल. वडील गेले ते साल. उत्तरेकडच्या तीन वाशांचं साल. ते वासे त्यांनी स्वतः उचलले आणि ढिगाच्या तळाशी टाकले.

आठव्या दिवशी फक्त मधली मोठी तुळई उरली. हिला मिस्त्रींनी कधी हात लावला नव्हता. शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी त्यांना हिच्याखाली उभं केलं होतं. "बघ, जुन्या माणसांचं काम. नीट बघ. असं आलं, की समज सुतार झालास." पुढे आयुष्यभर त्यांनी कुठलाही सांधा केला, तरी मनातल्या मनात तो या तुळईशेजारी धरून पाहिला होता. प्रत्येक वेळी आपला उणा वाटला होता.

दोर आवळले. चालकाने आणि चार माणसांनी भार घेतला. मिस्त्रींनी शेवटची खुंटी काढली, तुळईचं टोक खाचेतून सुटलं आणि हळूहळू खाली गवतावर टेकलं.

मिस्त्री उतरून टोकाशी बसले. भुसा फुंकला.

साल कोरलेलं होतं. मिस्त्री शिकायला आले त्याच्या अकरा वर्षं आधीचं. खाली पटाशीचे तीन टोचे. उस्तादांचे.

उस्तादांबरोबर या तुळईखाली ते नऊ वर्षं वावरले होते. रोज इथेच दोघांनी डबा खाल्ला होता. जुन्या माणसांचं काम, एवढंच. त्यापलीकडे एक अक्षर नाही. त्या लाकडाला तपासनीस बाईंनी फुली मारली नव्हती. एक्केचाळीसमध्ये आणखी अशी किती होती, कोण जाणे; बाकीच्यांच्या टोकांवरचा भुसा त्यांनी फुंकलाच नव्हता.

पाठीमागे ताईंची चाहूल लागली. आठ दिवसांत त्या पहिल्यांदाच कोठाराच्या जागेत आल्या होत्या. दगडी भिंतीच्या आत आता आभाळ होतं.

"ही मी देणार नाही त्या माणसाला," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगणात ठेवेन, बसायला होईल." त्यांनी वाकून तुळईवरून हात फिरवला. "सगळं बदललं म्हणतात, पण ही तरी मूळची. नाही का? काय हात असतील!"

मिस्त्रींनी अंगठ्याने त्या तीन टोच्यांवरचा उरलेला भुसा पुसला. मग चालकाला खूण केली, आणि दोघांनी मिळून तुळई एक कूस फिरवली. कोरलेली बाजू गवताकडे गेली.

"अंगणात कुठे ठेवायची ते सांगा, ताई," ते म्हणाले. "जमीन सपाट करून देतो."