रोट खाल्ला, आता मूठ टाका!

मी भोंगा बोलतोय. हो, तोच, ज्याचा आवाज ऐकून तुम्ही कानांत बोटे घालता!

सुरतेत कतारगामच्या एका दुकानात मी धूळ खात टांगलेला होतो. भिकनने मला विकत घेऊन डिंडोलीला आणले. तो एरवी कापडाचा लूम चालवायचा आणि सणासुदीला मला भाड्याने द्यायचा. लग्नांत मी गायलो, सभांत घसा फोडला. माणसांची एक खोड मला तिथेच कळली. माझ्यासमोर आली की ती बोलतात फार, ऐकत मात्र नाहीत.

सत्त्याण्णवच्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या कलाबाईंकडे कानबाई देवी बसली होती. कलाबाई मूळच्या खानदेशातल्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एकेक मूठ गहू घेऊन त्यांनी नैवेद्याचा रोट, म्हणजे जाड गोड पोळी, केला होता. हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही.

कलाबाईंच्या मनात मात्र धाकधूक होती. आदल्या वर्षी विसर्जनाला जाताना सून वर्षाचा पाय गल्लीतल्या उघड्या गटारात गेला. पाय मोडला आणि डोक्यावरची कानबाई घाणीत पडली. उद्या पुन्हा त्याच वाटेने जायचे होते.

त्या संध्याकाळी मांडवात पुढारी आले. गर्दी आयती, भोंगा आयता!

दिल्लीने कंपन्यांवरचा कर कमी केला होता. सत्तेतले नटुभाई म्हणाले, "कंपनीच्या हाती पैसा राहिला तर नवी मिल उभी राहील. तुमच्याच मुलांना काम मिळेल."

कामगारांचा पुढारी गजेंद्र उसळला, "आणि तिजोरीतला खड्डा कोण भरणार? काडीपेटीवरसुद्धा आम्ही कर देतो!"

"अरे भाई, मिलच नसेल तर तू झेंडा कुठे लावशील?"

बायका हसल्या. बोलता बोलता नटुभाईंचा हात सवयीने कानबाईपुढच्या ताटाकडे गेला. पुढाऱ्याला कुठलाच प्रसाद वर्ज्य नसतो. त्यांनी रोटाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

कलाबाई उठल्या. भिकनने हळूच माइक पुढे केला.

"नटुभाऊ, रोट खादा ना? मंग आते तू आमना भाऊबंद शे. तुनी मूठ कोठे शे?"

"कसली मूठ, बेन?"

"रोटात ज्याची मूठ, त्याला घास. कंपनीची मूठ लहान करा नाहीतर मोठी, ते तुम्ही दोघं भांडा. काडीपेटीवरच्या करातून आमची मूठ रोज पडते, मग आमचा घास कुठे गेला? ही वर्षा गटारात पडली. आता कानबाई तुझीही. पुढल्या वर्षी या वाटेने तूच पुढे चाल!"

गजेंद्रने हसत टाळ्या पिटल्या.

"तू काय हसतोस? तगादा तू लावायचा!" कलाबाईंनी त्यालाही सुनावले.

नटुभाई घास कसाबसा गिळत पुटपुटले, "पुढल्या श्रावणाआधी गटार झाकून देतो."

पण माझ्यासमोर पुटपुटता येत नाही हो! ते शब्द मी शेवटच्या गल्लीपर्यंत पोहोचवले.

दुसऱ्या दिवशी बायकांनी गटारावर फळ्या टाकून कानबाई सुखरूप नेली. पुढे वर्षभर नटुभाई दिसले की कुणीतरी विचारायचेच, "भाऊ, मूठ?" गजेंद्र तर त्यांच्या दारातून हलेना.

आणि पुढल्या श्रावणात गटारावर कोऱ्या फरशा आल्या! त्यांवरून वर्षा कानबाई डोक्यावर घेऊन ताठ चालली. तिच्यापुढे अनवाणी नटुभाई, बाजूला गजेंद्र. कलाबाईंचे गाणे मी असे काही गायलो की माझा पत्रा थरथरला.

आता भिकनने नवे स्पीकर आणलेत. मी भिंतीवर गंजतोय. फक्त कानबाईला कलाबाई मलाच मागतात.

माझे एकच मागणे आहे. पुढारी दारी आला, तर आपली मूठ कुठे गेली तेवढे विचारा. आणि तो पुटपुटला, तर मला भिंतीवरून खाली उतरवा.