राब म्हणजे काय

माधवीने स्टॅम्पपॅड उघडून कोंडूमामापुढे सरकवला आणि गावकऱ्यांच्या जबाबाचा नववा फॉर्म ओढला.

"डोंगरावर काय पिकतं, मामा?"

"डोंगरावर? काय न्हाय." कोंडू हसला. "दगडं पिकतात. तुझ्या आयशीला इचार, आमच्यासंगं तिथंच गुरं राखली तिनं."

आधीच्या आठ जणांनीही हेच सांगितलं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. त्यांच्या तोंडी पीक म्हणजे भात, आणि भात खाली खाचरात. हे माधवीला ठाऊक होतं, म्हणून तर प्रश्न तिने तसाच बांधला होता. आजोळच्या गावाची नस माहीत असलेली वकीलबाई पवनचक्कीच्या कंपनीने उगाच नव्हती धरली.

शेजारी कंपनीचे सक्सेना रुमालाने वारा घेत होते. ऑफिसच्या खिडकीखाली, भारनियमनात धामणकर नाक्यावरचे कापडाचे लूम गप्प पडले होते. लूमवाल्यांना पवनचक्कीची वीज हवी होती, सक्सेनांना गावाचा सामाईक डोंगर, आणि माधवीला पुढच्या तीन डोंगरांचे करार. सरकारी अट एकच होती. डोंगर शेतीच्या उपयोगाचा असेल, तर गावाची वहिवाट राखायची. नसेल, तर तीस वर्षं तारेचं कुंपण.

कोंडूने अंगठा शाईवर टेकवला आणि थांबला.

"चक्क्या कवा बसणार गं? औंदाचा राब उतरवून झाला की बसवा. बायांनी कोयते लावलेत."

सक्सेनांनी मान वर केली.

"राब? वो क्या होता है, मॅडम?"

माधवीचं पेन कागदावर अडलं. आजोळी वाफ्यावर डोंगरातल्या फांद्या, पाला, गवत पसरून जाळायचे. त्या भाजलेल्या मातीत भाताचं रोप धरायचं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर खाचरं मोकळी. लहानपणी तिनेही डोक्यावरून भारे आणले होते. सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

"कचरा, सर," ती म्हणाली. "सूखे पत्ते, टहनियाँ. जला देते हैं."

कायद्याने यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. हलकटपणा करायला खोटं लागतंच असं नाही.

कोंडूने तिच्याकडे पाहिलं. तरुणपणी कामतघरला लूम चालवलेला माणूस, हिंदी त्याला चांगली कळायची. क्षणभर तो गोंधळला. मग त्याचा चेहरा उजळला. पोरीचा काहीतरी डाव असणार, आपल्याच भल्याचा.

"हां साब," तो जोरात म्हणाला. "कचराच! बहोत कचरा."

"लिख लीजिए, मॅडम."

तिने लिहिलं. त्याखाली अंगठा उठला. सक्सेना फोन घ्यायला जिन्यात गेले, तसा कोंडू शाई केसांना पुसत पुढे झुकला आणि हळूच म्हणाला,

"बराबर बोललो ना, माधवी?"