खुर्ची बारकीची, नाव दादाचं

त्या सकाळी कारखान्यात रोजच्यासारखंच काम चाललं होतं. मिस्त्री पलंगाच्या पायाला रंधा मारत होते. दादा फोनवर गिऱ्हाइकाला "झालंच, फक्त पॉलिश राहिलंय" असं सांगत होता. पॉलिशच काय, त्या कपाटाला अजून दारंही नव्हती. आई मागच्या खोलीत गाद्यांच्या खोळी शिवत होती आणि बारकी एका खुर्चीची बैठक वेतानं विणत होती. बारकी म्हणजे मिस्त्रींची धाकटी. सत्तावीस वर्षांची घोडी झाली, तरी हे नाव काही सुटलं नव्हतं.

ही खुर्ची ती आईसाठी करत होती. आई डावखुरी. उजेड डावीकडून आला की तिच्या हाताची सावली नेमकी सुईवर पडायची, त्यात नजरही अधू झालेली. म्हणून बारकीनं खुर्चीच्या पाठीलाच दिवा बसवला, उजव्या खांद्यावरून वाकून पुढे येणारा. त्याला कागदासारख्या पातळ लाकडाची शेड. तिच्यातून मऊ उजेड थेट मांडीवरच्या कापडावर पडायचा. सात महिने ती या एका दिव्यापायी झगडली. चार खुर्च्या मोडल्या, पाचवी जमली.

डिझाइन महोत्सवात ती खुर्ची निवडली गेली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. अर्ज दादाच्या नावानं गेला होता, याचं मात्र कुणालाच काही वाटलं नाही. घराण्याची रीतच तशी. वस्तू कुणीही घडवो, खालच्या बाजूला ठसा घरातल्या पुरुषाचा. बारकीनं एकदा विचारलं होतं, तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले होते, "अगं, लग्नानंतर तुझं नाव बदलणार. मग काय खुर्च्यांवरचं खरवडून काढायचं?"

यावर माणसानं बोलावं तरी काय? मुलीचा हात चालतो, डोकं चालतं, नाव तेवढं चालत नाही. आणि वाचकहो, हे मिस्त्री कुणी राक्षस नव्हते. मुलगी तापानं फणफणली तेव्हा काम बंद ठेवून तीन दिवस तिच्या उशाशी बसलेला हा बाप. म्हणून तर जास्त चीड येते. राक्षसाशी भांडता येतं. अशा मायाळू माणसाशी भांडायला गेलं की आपणच वाईट ठरतो.

पण या वेळी गोष्ट नुसत्या ठशाची नव्हती. निवडलेल्यांपैकी एकाला मोठ्या शहरातल्या दिव्यांच्या कारखान्यात दोन वर्षं काम शिकायला मिळणार होतं. बारकीला तिथं जायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

"दादा, अर्जावरचं नाव बदलून देतोस?"

"बघू गं. महोत्सवात गेलो की बोलतो त्यांच्याशी."

दादाचं 'बघू' म्हणजे काय, हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं आणि बारकीलाही.

खुर्ची घेऊन दादा महोत्सवाला एक दिवस आधी गेला. दुसऱ्या दिवशी बाकीची तिघं पोचली. दालनात छताला काचेचे गोळे लोंबत होते, लोखंडी पट्ट्यांची टेबलं होती, बसायला भीती वाटावी अशी तीन पायांची बाकं होती. त्यांच्यामध्ये बारकीची खुर्ची उभी होती. कार्डावर दादाचं नाव होतं आणि दिवा डाव्या बाजूला होता.

"हे काय केलंस?" बारकीनं दिव्याला हात लावत विचारलं.

"चूक सुधारली तुझी," दादा खुशीत म्हणाला. "उजेड नेहमी डावीकडून घेतात, शाळेतसुद्धा सांगतात. डावीकडे नवं भोक पाडलं, जुनं बुजवलं. कळतंय तरी का बघ."

आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, त्याही चुकीच्या.

तेवढ्यात निवड समितीच्या बाई वही घेऊन आल्या. त्यांनी आईला बसून बघायला सांगितलं. आईनं पिशवीतलं शिवण काढलं, सुई डाव्या हातात धरली आणि दोन टाके घालून थांबली.

"सुई दिसत नाहीये. सावली पडतेय."

"आई, उजव्या हातानं शिव ना," दादा म्हणाला.

आईनं मान वर केली. "मी डावखुरी आहे रे. तू जन्मायच्या आधीपासून त्या मागच्या खोलीत शिवतेय."

दादा कानापर्यंत लाल झाला. बाईंनी वही मिटली. "मग ही खुर्ची नक्की केली कुणी?"

"आमच्या मुलानं," मिस्त्री म्हणाले. "घराण्याचंच काम आहे हे."

"मी केली," बारकी म्हणाली.

बाई अडचणीत पडल्या. ज्यानं अर्जावर सही केली त्यानंच लिहून दिलं तर नाव बदलतं, असा त्यांचा नियम. बारकी दादाकडे वळली. "दे लिहून."

"दोघांची नावं टाकू की," दादा हळूच म्हणाला. "माझंही थोडं आहेच त्यात."

"काय आहे?"

दादा बुजवलेल्या भोकावरून बोट फिरवू लागला.

"ते डावीकडचं भोक तुझं," बारकी म्हणाली. "बाकी सगळं माझं."

मिस्त्री पुढे आले. "चारचौघांत शोभा नको. चला, घरी जाऊन बोलू." घरी जाऊन कुणी काही बोलत नसे. विषय संपवायचा असला की मिस्त्री हे वाक्य म्हणत, आणि आजवर ते ऐकून आई दर वेळी उठली होती.

या वेळी ती उठली नाही.

"तुम्ही व्हा पुढे. कार्डावर हिचं नाव लागलं की येते मी."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत," आई म्हणाली. "आजवर कुणी बघितलंच नव्हतं."

बाईंनी कोरं कार्ड आणि पेन दादासमोर धरलं. त्यानं बापाकडे पाहिलं, बापानं दाराकडे. वाचकहो, लिहायची होती एकच ओळ. तेवढ्याला त्याला इतका वेळ का लागावा, हे आपापल्या घरात विचारून पाहा.