साहेबांच्या पाठीवरचे तेरा डोंगर

शिंपीमास्तरांच्या घरात कासवाला साहेब म्हणत. कारण एवढंच, की घरात ते एकटेच काही काम करत नसत आणि बाकीच्यांना त्यांच्या वेळा सांभाळाव्या लागत.

साहेबांची पाठ चारचौघा कासवांसारखी नव्हती. अंड्यांचा ट्रे पालथा घालावा तसे तिच्यावर तेरा टोकदार उंचवटे होते. मास्तर दर थंडीत त्यांना लोकरी झूल शिवत आणि तेरा उंचवट्यांसाठी तेरा चुण्या घालत. गिऱ्हाइकांचे कपडे वायद्याला हमखास चुकत, झूल कधी चुकली नाही.

"मास्तर, घरात एवढे डोंगर ठेवलेत," समोरचा न्हावी म्हणे, "चढायला तिकीट तरी लावा."

"जळतोय मेला," मास्तरांची बायको म्हणे. "अंगी लागतंय म्हणून वाढतंय."

अंगी लागत होतं ते रोजचं उकडलेलं अंडं आणि दुधात भिजवलेला पाव. हा खरं तर मुलीचा नाश्ता. मुलगी नऊ वर्षांची होऊन तापानं गेली. नंतर एका सकाळी बायकोनं सवयीनं अंडं उकडलं, सोललं आणि बशी हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. तेवढ्यात मुलीचं कासव पायाशी आलं. तेव्हा ते त्या बशीएवढंच होतं आणि त्याची पाठ गुळगुळीत होती. त्यानं अंडं खाल्लं. त्या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. बायको सकाळी उठे ती त्या अंड्यासाठी. उठायला तिच्याकडे दुसरं कारण नव्हतं, आणि मास्तरांनाही ते शोधून देता आलं नव्हतं.

या थंडीत साहेबांचे मागचे पाय उचलेनात. मास्तरांनी त्यांना कापडाच्या पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

"पाठ अशी कधीपासून?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी ऐटीत मापांची वही काढली. दरवर्षी एकाच तारखेला घेतलेली मापं होती.

"छाती पंचवीस, बाही सोळा... कासवाची बाही?"

"ते वरचं मुलीचं. रेघेखालचं साहेबांचं."

"आणि मुलीचं पुढचं?"

"पुढचं नाही."

बाईंनी रेघेखालच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "रेघेपासून याची उंची दरवर्षी चढतच गेलीय. काय बदललं तेव्हा?"

मास्तरांनी अंड्याचं सांगितलं.

"मास्तर, ही वाढ नाही, आजार आहे. गवतावर जगणारं जनावर हे. अंडं, पाव, कोरडी खोली आणि उन्हाचं नाव नाही. मग कवच असं टोकंटोकं होऊन वर येतं आणि आत हाडं मऊ पडतात. आलेली टोकं आता जायची नाहीत. पण आजपासून गवत, ऊन आणि रोज कोमट पाण्यात बसवणं, एवढं केलंत तर अजून वीस-तीस वर्षं जगेल. अंडं चालू ठेवलंत तर वर्षभरसुद्धा काढणार नाही."

"अर्धं दिलं तर?"

"अर्धंही नाही. बाह्या अर्ध्या करा म्हणत नाहीये मी, मास्तर."

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाल्या?"

"पोट बिघडलंय. अंडं बंद."

"माझ्या अंड्यानं?"

"छे. हवा बदललीय ना, त्यानं."

त्या घरातली हवा आठ वर्षांत बदलली नव्हती. पण बायकोनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. मास्तरांनी मोठ्या कात्रीनं गवत बेतलं, सगळे तुकडे एका मापाचे. साहेब त्याला वळसा घालून फरफटत शेगडीपुढे जाऊन बसले.

"अगं, ऊठ ना. गवत तू घाल."

"गवत काय, कुणीही घालेल," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मी कशाला उठू?"

किती वाजले विचारावं, तशा आवाजात तिनं ते विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं चहा तसाच ठेवला. चौथ्या दिवशी जेवणही.

पाचव्या सकाळी मास्तर साहेबांना घमेल्यात कोमट पाण्यात धरून बसले होते. साहेबांनी मान बाहेर काढली आणि मागचा उजवा पाय मारला. मग डावा. इतका जोरात, की मास्तरांचा सदरा भिजला. भुकेपोटी शेवटी खाल्लेल्या गवतानं चार दिवसांत काम केलं होतं.

मास्तरांनी त्यांना पुसून खाली ठेवलं. आतून काही आवाज येतो का, ते ऐकलं. काहीच येत नव्हता. मग त्यांनी पातेल्यात पाणी घेतलं, त्यात अंडं सोडलं आणि शेगडी पेटवली.

"अगं," त्यांनी हाक मारली, "डॉक्टरबाईंचा फोन आला होता. अंडं चालेल म्हणाल्या."

पलंग करकरला.

"खरंच?"

"खरंच."

ती केस बांधत आली आणि पातेल्यात डोकावली. "अहो, किती उकळताय! अंडंसुद्धा उकडता येत नाही तुम्हाला. सरका."

मास्तर सरकले. तिनं अंडं सोललं, बोटांनी कुस्करलं, बशी खाली ठेवली. साहेब निघाले, या वेळी न फरफटता, चार पायांवर.

"बघा, कसा धावतोय," ती म्हणाली.

साहेबांनी तोंड उघडलं. मास्तरांनी घमेलं उचललं आणि पाणी मोरीत ओतून टाकलं.